प्लगच्या होलमध्ये ऑइल दिसलं? हेड उघडू देण्याआधी हे तपासा

सकाळी गाडी चालू केली की थरथरते. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढताना पिकअप घेत नाही. व्हरायटी चौकाच्या सिग्नलला उभी असली की आरपीएमचा काटा नाचतो. मिस्त्री प्लगवरची, ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल उपसतो, तर कॉइलचं रबर ऑइलनं माखलेलं, आणि तो म्हणतो, "भाऊ, इंजिन ऑइल वर फेकून राहिलं. हाफ इंजिन करा लागन."

हाफ इंजिन म्हणजे हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडून करायचं मोठं, महागडं काम. त्याला हो म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: ऑइल स्पार्क प्लगच्या कोणत्या भागावर आहे?

प्लगच्या वरच्या अंगाला, म्हणजे पांढऱ्या चिनीमातीवर आणि पाना बसतो त्या भागावर ऑइल असेल, तर ते जवळजवळ नेहमी टॅपेट कव्हरखालून (हेडवरच्या झाकणाखालून), एखाद्या रबरी पॅकिंगमधून झिरपलेलं असतं. काम काही तासांचं, खर्च बेताचा. प्लगचं खालचं टोक, म्हणजे ठिणगी पडते ती बाजू ऑइलनं ओली असेल, तर ऑइल सिलिंडरच्या आतून आलेलं असतं आणि तिथे वॉल सील (इंजिनातल्या झडपेच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं रबरी सील) किंवा पिस्टन रिंगचा संशय घ्यावा लागतो. या दोन दुखण्यांचा एकमेकांशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो. वरचं ऑइल दाखवून खालचं काम गळ्यात मारलं जातं, कधी अज्ञानानं, कधी जाणूनबुजून. म्हणून ही तपासणी स्वतः करावी, निदान समोर उभं राहून करून घ्यावी.

तुमच्या इंजिनात प्लग कुठे आहे

जुन्या मारुती ८०० मध्ये प्लग हेडच्या बाजूला, उघड्यावर असतात. तिथे होल भरण्याचा प्रश्नच येत नाही. टॅपेट कव्हर गळलं तर ऑइल हेडवरून ओघळून प्लगपाशी येतं आणि डोळ्यांना दिसतं. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्लग सिलिंडरच्या डोक्यावर मधोमध बसतो आणि टॅपेट कव्हरमधून आरपार गेलेल्या खोल नळीतून त्याच्यापर्यंत पोचावं लागतं. नळीच्या चहूबाजूंना कॅमशाफ्टवर (झडपा उघडणाऱ्या दांड्यावर) ऑइल उडत असतं, आणि ते नळीत येऊ न देण्याचं काम एक रबरी रिंग करते. ही रिंग कडक झाली की ऑइल आत उतरतं आणि तळाशी साचतं. होंडा सिटीच्या जुन्या आय-डीएसआय इंजिनात एका सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण ८ प्लग आहेत. तिथे आठही तपासा. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो, तिचे ग्लो प्लग वेगळं काम करतात, त्यामुळे हा लेख तिच्या मालकांसाठी नाही.

इथे आपल्या उन्हाबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की गाडीच्या प्रत्येक दुखण्याचं खापर नागपूरच्या उन्हावर फोडायची आपल्याला सवय आहे. पण चालत्या इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट आणि पंखा सांभाळतात, ते थंडीतही साधारण ९० अंशांच्या आसपासच असतं. रबर मरतं ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं, आणि इंजिन बंद केल्यावर पंखा नि पाणी थांबून हेडमध्ये जी उष्णता कोंडते तिनं. ऊन त्यात थोडी भर घालतं, एवढंच. हलक्या दर्जाचं पॅकिंग मात्र या कोंडलेल्या उष्णतेत लवकर लाकडासारखं होतं.

सुरुवात करण्यापूर्वी

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढला तर आटे सोबत येऊ शकतात, आणि मग खरोखरच हेड उघडायची पाळी येते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सहा-साडेसहाला हाताळणं सगळ्यात बरं. उन्हाळ्यात तेवढाच काळ आपल्यालाही सोसवतो.

हत्यारं मोजकी लागतात. कॉइलच्या बोल्टसाठी १० मिमीचा पाना, गाडीनुसार १४, १६ किंवा २१ मिमीचा प्लग पाना (आत रबर किंवा चुंबक असलेला, म्हणजे प्लग धरून वर आणतो), लांब एक्स्टेन्शन, टॉर्च, मोठी सिरिंज आणि तिच्या तोंडाला बसणारी पातळ रबरी नळी, धागे न सुटणारं जुनं सुती कापड, नि मार्करचं पेन. टॉर्क पाना कुणाकडून उसना मिळाला तर उत्तम. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा.

त्याआधी दोन साध्या गोष्टी. गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिक पाहा. ऑइल वरच्या खुणेच्या पुढे गेलेलं असेल तर जास्तीचं ऑइल हेही गळतीचं कारण असू शकतं. दुसरं, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून कोड लिहून घ्या. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग (त्यातलं पेट्रोल नीट जळत नाही), पी०३०२ म्हणजे दुसरा, आणि पी०३०० आला तर मिसिंग एकाच सिलिंडरला चिकटलेली नाही. दिवा लुकलुकत असेल तर गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याचा बळी जातो, जो या सगळ्या पॅकिंगपेक्षा कितीतरी महाग आहे.

कॉइल काढा आणि नीट बघा

कॉइलचा प्लास्टिक कनेक्टर जुना झाला की ठिसूळ होतो. त्याची कडी दाबूनच ओढा, वायर धरून कधीच नाही. बोल्ट काढल्यावर कॉइल थोडी डावी-उजवी फिरवत सरळ वर घ्या. चारही कॉइलवर मार्करनं १ ते ४ आकडे टाका आणि त्याच क्रमानं कागदावर मांडून ठेवा. कोणत्या सिलिंडरची कॉइल कोणती, हेच पुढच्या निदानाचं मूळ असल्यानं क्रम मोडू देऊ नका.

आता कॉइलचं रबर पाहा. ऑइलमध्ये बुडून राहिलेलं रबर फुगतं, मऊ पडतं, बोटानं दाबलं तर पूर्वपदावर येत नाही. इंजिन ऑइल स्वतः वीज फारशी वाहून नेत नाही. त्रास होतो तो रबर सैल पडून फाटल्यावर. मग ठिणगी खाली टोकाशी पडण्याऐवजी चिनीमातीच्या बाहेरून लोखंडी भागाकडे उडी मारते. अशा उडीची खूण म्हणजे रबराच्या आत किंवा चिनीमातीवर उभी, केसासारखी काळी रेघ. रेघ दिसली की तो प्लग आणि ते रबर दोन्ही बदलायचे, पुसून चालत नाही. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत हा दोष लवकर उघडा पडतो, कारण सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं. "पेट्रोलवर बरी चालते, गॅसवर मिसिंग मारते" अशी तक्रार असेल तर सीएनजी किटवाल्याकडे जाण्याआधी ही होलं बघावीत.

टॉर्च मारून होलमध्ये डोकवा. तळाशी चकाकतंय ते ऑइलच आहे का? सिरिंजनं थोडं ओढून पांढऱ्या कागदावर टाका. इंजिन ऑइल तपकिरी-काळं, बुळबुळीत, कागदावर पसरणारा डाग सोडतं. वॉशिंग सेंटरवर इंजिनावर प्रेशरनं पाणी मारून घेतलं असेल तर तिथे पाणी निघेल, आणि प्लगवर गंज दिसेल. पाणी निघालं तर सुकवा, कॉइलचं वरचं सील बघा आणि इंजिन धुवायचं बंद करा. बाकी लेख वाचायची गरज नाही.

आणखी एक शक्यता सगळ्यात स्वस्त आहे. मागच्या सर्व्हिसिंगला ऑइल भरताना कव्हरवर सांडलं असेल, तर ते ओघळून होलमध्ये जातं. गळती समजून लोक पॅकिंग बदलून घेतात. एका होलमध्येच, तेही ऑइल भरायच्या तोंडाजवळच्या, पातळसा थर असेल तर आधी पुसून ५०० किमी गाडी चालवा आणि पुन्हा बघा.

होल आधी कोरडं, मग प्लग

होलमध्ये ऑइल असताना प्लग सोडवला की ते सगळं सिलिंडरमध्ये पडतं. चमचाभर ऑइल गेलं तर काही मिनिटं निळा धूर निघून ते जळून जातं, पण त्यासोबत तळाशी बसलेली आपल्या रस्त्यांची धूळ आणि वाळूही जाते, ती सिलिंडरच्या भिंती खरवडते. म्हणून सिरिंजनं ऑइल ओढून घ्या, कापड काडीला गुंडाळून तळ पुसा, हवेचा पंप असेल तर चष्मा घालून एक फवारा मारा. मग प्लग अर्धा फेरा सैल करा, पुन्हा हवा मारा आणि नंतर पूर्ण काढा. प्लग अडत असेल तर जोर करू नका. थोडा मागे, थोडा पुढे करत सोडवा.

चारही प्लग कॉइलशेजारी, आपापल्या आकड्यासमोर मांडा.

प्लग वाचायचा तो तीन जागी

सगळ्यात वरची चिनीमाती आणि पान्याचा षटकोन ओला, पण आट्यांच्या खालचा भाग आणि टोक कोरडं, फिकट तपकिरी किंवा राखाडी: गळती वरून आहे, सिलिंडर तंदुरुस्त आहे. हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार.

आटेही ओले, टोक मात्र कोरडं असेल तर बहुधा प्लग काढताना उरलेलं ऑइल आट्यांवरून उतरलेलं असतं. प्लग पुरेसा घट्ट नव्हता किंवा त्याची वॉशर दबलेली नव्हती, अशीही शक्यता असते. तसं असेल तर आट्यांच्या वरच्या बाजूला काजळीचा पट्टा दिसतो, कारण तिथून जळलेला वायू वर येत असतो.

टोक ओलं, काळं, चिकट, किंवा टोकावर राखेसारखे कडक थर जमलेले: ऑइल सिलिंडरमध्ये येतंय. इथे गोंधळ होतो तो पेट्रोलच्या काळ्या काजळीशी. मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त, हवा कमी) असेल तर टोक काळं पण कोरडं असतं, बोटाला पावडर लागते आणि चिकटपणा नसतो. बोट चोळून बघा, एवढी परीक्षा पुरते.

आणि एक फसवी खूण. षटकोनाच्या लगेच वर, चिनीमातीभोवती तपकिरी धुरकट पट्टा असतो. अनेक जण "इथून गॅस लीक आहे" म्हणून चांगला प्लग फेकून देतात. उच्च व्होल्टेजमुळे हवेतले ऑइलचे कण तिथे ओढले जाऊन चिकटतात, त्याचा हा डाग. त्यानं काही बिघडत नाही.

वरून आलं असेल तर नेमकं कुठून

आता चारही होलं शेजारी ठेवून विचार करा. एकच भरलं असेल तर त्या नळीची रिंग कापली गेली आहे, वाकडी बसली आहे किंवा तिथेच कव्हर तडकलं आहे. सगळी भरली असतील आणि गाडीला सात-आठ वर्षं झाली असतील, तर सगळ्या रिंगा एकत्र म्हाताऱ्या झाल्या आहेत. सगळी भरली असून पॅकिंग गेल्याच वर्षी बदललेलं असेल, तर नवं पॅकिंग मागवण्याआधी इंजिनातला दाब तपासा, ते खाली येईलच.

काही इंजिनांत नळी हेडमध्येच ओतीव असते आणि रिंग फक्त वर कव्हरपाशी असते. काहींत नळी वेगळी, हेडमध्ये दाबून किंवा आट्यांनी बसवलेली असते, तिला खालीही ओ-रिंग असते. दोष कोणत्या जोडाचा ते कळायला होल पुसून कोरडं करा, कॉइल लावून २०-२५ किमी चालवा आणि टॉर्चनं भिंत बघा. नळीची भिंत वरपासून ओली दिसली तर दोष वर, भिंत कोरडी आणि फक्त तळ ओला असेल तर खालच्या जोडावर संशय घ्या. होलमध्ये कापडाचा बारीक तुकडा ठेवून गाडी चालवा, असं सुचवणारे मिस्त्री भेटतील. मी तर म्हणतो, कापड आत ठेवूच नका.  टॉर्चनं बघूनही काम तेवढंच होतं आणि ठिणगीच्या वाटेत चिंधी राहत नाही.

कव्हरच्या बाहेरच्या कडेनंही गळत असेल तर कड पुसून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा आणि इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा. ऑइल जिथून निघेल तिथे पावडर ओली होऊन रेघ उमटते. हात आणि बाही मात्र इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून लांब ठेवा.

पीसीव्ही, जिकडे कुणी बघत नाही

पिस्टनच्या बाजूनं थोडा वायू नेहमीच खाली इंजिनाच्या पोटात जातो. तो पुन्हा इनटेककडे ओढून नेणारी छोटी झडप म्हणजे पीसीव्ही. ती चिकटली की पोटात दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या सांध्यातून बाहेर ढकललं जातं. झडप बहुतेक गाड्यांत टॅपेट कव्हरवर किंवा त्याच्या नळीजवळ असते. काढता येत असेल तर हलवा. आत गोळी खडखडली पाहिजे. नळी चिकट काळ्या गाळानं भरली आहे का, तेही बघा.

दुसरी चाचणी: इंजिन आयडलवर असताना ऑइलचं झाकण काढून तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी ठेवा. ती किंचित आत ओढली गेली तर पीसीव्ही काम करतंय. ती फुगून वर उडू लागली तर झडप बंद आहे किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. आधी झडप बदला, ती स्वस्त आहे. तरीही पिशवी फुगत असेल तर पुढचा भाग तुमच्यासाठी.

टोक ओलं असेल तर

धुराची वेळ बघा. रात्रभर उभ्या गाडीनं सकाळी चालू करताच निळा भपका सोडला आणि मग धूर थांबला, तर वॉल सील. रामटेकच्या गडावरून गिअरमध्ये, पाय उचलून उतरलात आणि खाली येऊन ॲक्सिलरेटर दाबताच निळा धूर आला, तरी वॉल सीलच, कारण उतारावर इनटेकमध्ये जोरदार ओढ तयार होऊन ऑइल झडपेच्या दांड्यावरून आत खेचलं जातं. जोर देऊन चढताना सतत निळा धूर असेल तर पिस्टन रिंगा.

नुसत्या धुरावर निर्णय घेऊ नका, कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी) करून घ्या. इंजिन कोमट, चारही प्लग बाहेर, कॉइलचे कनेक्टर आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरचे सारखेच पाच-सहा झटके. टर्बो नसलेल्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत १५० ते २०० पीएसआयच्या दरम्यान आकडा येतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. त्याहून महत्त्वाचा आहे सिलिंडरांमधला फरक: एखादा इतरांपेक्षा १०-१५ टक्क्यांनी खाली असेल तर तिथे गडबड आहे. त्या सिलिंडरमध्ये सुमारे ५ मिली इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा बराच वर चढला तर रिंगा, कारण ऑइलनं काही क्षण फट बुजवली. जागचा हलला नाही तर झडप किंवा हेड गॅस्केट. चारही आकडे चांगले, सारखे, आणि तरी टोक ओलं असेल तर वॉल सील. वॉल सील बदलायला अनेक इंजिनांत हेड उतरवावंही लागत नाही. सिलिंडरमध्ये हवा भरून झडप वर धरतात आणि स्प्रिंग काढून सील बदलतात. हे करणारा मिस्त्री शोधावा लागतो, पण शहरात सापडतो.

कव्हरचं पॅकिंग बदलताना

घाट रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात "टॅपेट कव्हर पॅकिंग" एवढंच मागितलं तर बाहेरचं एकटं पॅकिंग हातात पडेल. प्लग होलच्या रिंगा आणि बोल्टखालच्या रबरी वॉशर सेटमध्ये आहेत का, ते दुकानातच उघडून बघा. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिनाचा प्रकार सांगा, शक्य तर जुनं पॅकिंग सोबत न्या. कंपनीचं ओरिजिनल इथे घ्यावं, यात पैसे वाचवण्यात अर्थ नाही. काही गाड्यांत रिंगा कव्हरमध्येच पक्क्या असतात आणि अख्खं कव्हर बदलावं लागतं, हेही आधी विचारून घ्या.

टॅपेट कव्हर उघडल्यानं बहुतेक इंजिनांचं टायमिंग हलत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. जुनं रबर प्लास्टिकच्या खुरपणीनं काढा. स्क्रूड्रायव्हरनं ॲल्युमिनियमवर चरा पडला की नवं पॅकिंगही गळेल. दोन्ही कडा पूर्ण कोरड्या आणि ऑइलविरहित करा. रिंगेच्या ओठाला बोटानं थोडं ऑइल लावून ती सरळ, योग्य मापाचा सॉकेट वर ठेवून दाबा. सिलिकॉन (फट बुजवायची पेस्ट) फक्त टायमिंग कव्हर आणि हेड जिथे जुळतात त्या कोपऱ्यांवर, वाटाण्याएवढं. सगळ्या कडेला सिलिकॉन थापणारा मिस्त्री दिसला तर थांबवा. आत दाबून गेलेलं सिलिकॉन सुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं.

बोल्ट मध्यापासून बाहेर, तिरपे, दोन फेऱ्यांत आवळा. यांना साधारण ८ ते ११ न्यूटन मीटर एवढाच टॉर्क लागतो, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. प्लास्टिकचं कव्हर जास्त आवळलं तर तडकतं. प्लग आधी हातानं, नुसत्या एक्स्टेन्शननं फिरवून बसवा. वॉशर असलेला नवा १४ मिमी आट्यांचा प्लग ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमीचा १५ ते २०, १० मिमीचा १० ते १२. टॉर्क पाना नसेल तर नवा प्लग हातानं टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो. जुनाच प्लग परत लावत असाल तर फक्त फेऱ्याचा बारावा भाग. आट्यांना ग्रीस लावू नका.

१०० किमीनंतर एकदा आणि १,००० किमीनंतर पुन्हा कॉइल काढून होलं बघा. पहिल्या वेळी किंचित ओलसरपणा दिसला तर पुसा, कारण कोपऱ्यात अडकलेलं जुनं ऑइल खाली उतरतं. दुसऱ्या वेळी कोरडंच हवं.

आणि तरीही कुणी "रिंगा बदला" म्हणालं, तर त्याच्याकडून चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशनचे आकडे, कोरडे आणि ऑइल टाकून घेतलेले, बिलाच्या मागे लिहून घ्या. आकडे चांगले असतील आणि ओल्या टोकाच्या जुन्या गाडीला १,००० किमीला पाव लिटर ऑइल लागत असेल, तर दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघून वरून भरत राहणं आणि प्लग थोडे लवकर बदलणं हे हाफ इंजिनच्या बिलापेक्षा मला तरी परवडणारं वाटतं.